निकाल विरोधात लागला, आता अपील: नकलेच्या अर्जापासून कॅव्हेटपर्यंत

निकाल विरोधात लागला की कोर्टाच्या पायऱ्या उतरतानाच पक्षकार म्हणतो, "वकीलसाहेब, आता वर जायचं." वर म्हणजे कुठे, किती दिवसांत, काय घेऊन, यातलं त्याला काहीच माहीत नसतं आणि त्या दिवशी ते विचारायची त्याची मनःस्थितीही नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करताना अपिलात हरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. पण अपिलापर्यंत धड पोचूच न शकलेली त्याहून जास्त पाहिली. हा लेख त्या दुसऱ्या गटासाठी आहे. यातला तपशील महाराष्ट्रातल्या दिवाणी आणि फौजदारी कोर्टांचा आहे.

अपिलात काय होत नाही

सर्वसाधारण समजूत अशी, की वरच्या कोर्टात सगळं पहिल्यापासून होईल. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येतील, खाली सांगायचं राहून गेलेलं आता सांगता येईल, आणि नवे साहेब आपलं तोंड बघून खरं-खोटं ओळखतील. यातलं काहीही होत नाही. अपील कागदावर चालतं. खालच्या कोर्टात जमलेला दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), साक्षी, उलटतपास, निशाण्या (पुराव्यात क्रमांक पडलेले कागद) आणि रोजनामा (कामकाजाची तारीखवार नोंद) यांचं बाड वर मागवलं जातं. आम्ही त्याला 'आर अँड पी' म्हणतो. त्याच कागदांवर दुसरे न्यायाधीश नव्याने विचार करतात. तुम्ही हजर असलात तरी तुम्हाला कुणी काही विचारत नाही.

पहिल्या अपिलात कायदा आणि वस्तुस्थिती दोन्ही तपासता येतात. पहिल्या अपिलाच्या कोर्टाने पुरावा स्वतः पारखला पाहिजे, नुसतं 'खालचा निकाल बरोबर वाटतो' म्हणून सही करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा बजावलं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१ प्रमाणे त्या न्यायाधीशांना मुद्दे काढावे लागतात आणि प्रत्येक मुद्द्यावर कारणांसकट निर्णय द्यावा लागतो. दिवाणी माणसाला ही एकच पूर्ण संधी मिळते. दुसऱ्या अपिलाची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

नवा कागद आणता येतो का, हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. येतो, पण फट अरुंद आहे. खालच्या कोर्टाने तो पुरावा चुकीने नाकारला असेल, किंवा सगळी खटपट करूनही तो तेव्हा हाती लागला नव्हता असं दाखवता येत असेल, किंवा निकाल देण्यासाठी वरच्या कोर्टालाच त्याची गरज वाटली, तर. "कपाटात होता, वकिलाला द्यायचं राहिलं" हे कारण यात बसत नाही.

निकालाच्या दिवशीच करायची कामं

घरी जाऊन डोकं धरून बसण्याआधी दोन कामं करा. पहिलं, नकलेचा अर्ज. निकालपत्र आणि हुकूमनामा (निकालातून निघणारा अंतिम आदेश, म्हणजे डिक्री), दोन्हींची प्रमाणित नक्कल मागा. वेबसाइटवर निकालाची पीडीएफ दिसते. वाचायला ती चांगली, पण अपिलाला प्रमाणित नक्कल लागते. फौजदारीत कैदेची शिक्षा झाली असेल, तर आरोपीला निकालाची एक प्रत लगेच आणि फुकट मिळते. तो हक्क आहे. मागून घ्या.

दुसरं, निकाल ताबा द्यायचा किंवा बांधकाम पाडायचा असेल, तर ज्या कोर्टाने निकाल दिला त्याच कोर्टाकडे थोड्या दिवसांची स्थगिती मागा. अपिलाची मुदत संपण्याआधी तशी स्थगिती देण्याचा अधिकार त्या कोर्टाला असतो. हे पुष्कळांना माहीत नसतं. निकाल ऐकल्यावर वकील आणि पक्षकार दोघंही हिरमुसून बाहेर पडतात आणि ती संधी तिथेच राहते.

मुदत: शिक्का वाचायला शिका

दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात जायचं असेल तर ३० दिवस, हायकोर्टात जायचं असेल तर ९० दिवस. फौजदारीत शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवस, हायकोर्टात ६० दिवस. फाशीची शिक्षा असेल तर हायकोर्टातही ३० दिवसच. अर्थात सत्र न्यायालयाची फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, त्यामुळे ते प्रकरण आपोआप वर जातंच.

निकालाचा दिवस या मुदतीत धरत नाहीत. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवसही वजा होतात. गोंधळ इथेच होतो, म्हणून एक घडलेला प्रसंग सांगतो.

एक शेतकरी संध्याकाळी ऑफिसात आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, त्याखाली नक्कल. वाटपाच्या दाव्याचा निकाल २ जानेवारीला लागलेला. "साहेब, नक्कल परवाच मिळाली, म्हणजे अजून वेळ आहे ना?" मी शेवटचं पान उलटलं. नकलेच्या शेवटी एक शिक्का असतो आणि त्यात हाताने तारखा भरलेल्या असतात: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. इथे अर्ज ७ जानेवारी, तयार २२ जानेवारी, दिली १६ फेब्रुवारी. हिशेब असा: ३० दिवस १ फेब्रुवारीला संपले. नकलेचे ७ ते २२ असे १६ दिवस मिळाले. म्हणजे शेवटचा दिवस १७ फेब्रुवारी. तयार नक्कल २२ जानेवारीपासून खिडकीवर पडून होती, ते पुढचे दिवस ऊसतोडीत गेले आणि ते कोणी मोजून देत नाही. आम्ही बसलो होतो १८ तारखेला.

एका दिवसाचा उशीर. त्यासाठी विलंब माफीचा वेगळा अर्ज, त्यावर प्रतिज्ञापत्र, समोरच्याला नोटीस, त्याचं म्हणणं, मग युक्तिवाद. उशीर माफ झाला, पण तोवर अपील पटावर आलेलंच नव्हतं आणि विलंबाचा अर्ज पडून असताना स्थगिती मिळणं अवघड असतं. समोरच्याने दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली. बेलिफ मोजणीची मंडळी घेऊन बांधावर उभा राहिला तेव्हा आमच्या हातात काही नव्हतं. म्हणून नक्कल तयार झाली का, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाऊन विचारा. वकिलांच्या कारकुनावर सोडू नका. माझ्याही नाही.

शेवटचा दिवस सुट्टीत आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील देता येतं. पण उन्हाळ्याची सुट्टी मुदतीतून वजा होते असा समज करून घेऊ नका. ती वजा होत नाही. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीत पडला तरच तिचा उपयोग. उशीर झालाच, तर माफीच्या अर्जात दवाखान्याचे कागद, दाखला, जे काही खरं असेल ते लावा. 'अशिक्षित असल्याने कायद्याची माहिती नव्हती' हे वाक्य न्यायाधीशांनी इतक्या वेळा वाचलेलं असतं, की त्याला आता काही वजन उरलेलं नाही.

कोणतं 'वर'

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या निकालावर अपील जिल्हा न्यायालयात. वरिष्ठ स्तराच्या निकालावर दाव्याचं मूल्य पाहावं लागतं: ठरलेल्या रकमेपर्यंत जिल्हा न्यायालय, त्यापुढे थेट हायकोर्ट. ही रक्कम कायद्याने वेळोवेळी वाढत आली आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकातला आकडा धरून चालू नका. मूल्य म्हणजे जमिनीचा आजचा बाजारभाव नव्हे, दाव्यात कोर्ट फीसाठी लावलेलं मूल्य. पक्षकार इथे हमखास गडबडतात, कारण त्यांच्या डोक्यात गुंठ्याचा भाव असतो.

फॅमिली कोर्टाच्या निकालावर थेट हायकोर्ट, आणि तिथे दोन न्यायाधीशांचं खंडपीठ बसतं. मुदतीबद्दल तिथे बारकावे आहेत, म्हणून तुम्ही ३० दिवसच धरून चाला. मोटार अपघात प्राधिकरणाच्या निवाड्यावरही हायकोर्टच, मुदत ९० दिवस. पैसे द्यायचा आदेश ज्याच्यावर आहे त्याला अपील करताना २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यातलं जे कमी ते भरावं लागतं. मुंबईत भाड्याच्या खटल्यात लघुवाद न्यायालयाचं अपील त्याच न्यायालयाच्या अपील खंडपीठापुढे चालतं. मुंबईची तऱ्हा पूर्वीपासून वेगळीच.

फौजदारीत सोपं आहे. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर सत्र न्यायालय. सत्र न्यायालयाने दिली, किंवा कोणत्याही कोर्टाने सात वर्षांहून जास्त कैद दिली, तर हायकोर्ट.

हायकोर्ट एकच, पण बसतं अनेक ठिकाणी. १८६२ साली सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाची मुख्य जागा मुंबईत, खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. इतकी वर्षं आमच्याकडचा पक्षकार रात्रीच्या महालक्ष्मीने मुंबई गाठायचा, फोर्टात वडापाव खाऊन कोर्टात बसायचा आणि बोर्डावर नंबर लागला नाही की त्याच गाडीने परत. ते दिवस संपले. त्यासाठी वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली ते मी सांगायला बसलो तर लेख तिथेच संपेल.

एक फाटा इथेच सांगतो. फेरफार, वारसनोंद, रस्ता अडवल्याची तहसीलदाराकडची तक्रार, ही महसुली प्रकरणं आहेत. मंडळ अधिकाऱ्याच्या फेरफाराच्या निर्णयावर अपील प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, जातं. ती शिडी वेगळी आहे. दिवाणी कोर्टाच्या शिडीवर चढून तिथे पोचता येत नाही.

जिथे अपील लागतच नाही

तडजोडीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. लोकन्यायालयात सही करण्याआधी हे लक्षात ठेवा. फौजदारीत गुन्हा कबूल केला असेल, तर दोषी का ठरवलं यावर भांडता येत नाही, फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यावरच. किरकोळ दंडाच्या शिक्षेवरही अपील नाही.

तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर दोन रस्ते आहेत. अपील करता येतं. किंवा त्याच कोर्टात अर्ज देऊन, समन्स मिळालंच नव्हतं किंवा गैरहजेरीला सबळ कारण होतं असं दाखवून, तो रद्द करून घेता येतो. त्याला ३० दिवस. समन्स खरोखरच बजावलं गेलं नसेल, तर हे दिवस तुम्हाला हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. समन्सच्या पाठीवर बेलिफाचा अहवाल असतो. 'दार बंद, दारावर चिकटवले' असं लिहिलं असेल तर त्याची नक्कल काढा, कारण सगळी लढाई त्या दोन ओळींवर होते. अशा प्रकरणात मी शक्यतो हा दुसरा रस्ता धरतो. तो यशस्वी झाला तर पुरावा द्यायची संधी परत मिळते, अपिलात ती नसते.

अपील मेमो

मेमो म्हणजे निकालात काय चुकलं याची क्रमवार यादी. बहुतेक मेमोंचा पहिला मुद्दा ठरलेला: 'खालील न्यायालयाचा निकाल कायदा, न्याय आणि पुरावा यांस सोडून आहे.' हे वाक्य न लिहिता सुरुवात केली तर काही बिघडत नाही. न्यायाधीशाला हवं असतं ते असं:

'साक्षीदार क्र. ३ याने उलटतपासात परिच्छेद ७ मध्ये, निशाणी ४२ या नोंदणीकृत वाटणीपत्रावरील सही आपल्यासमोर झाल्याचे मान्य केले आहे. निकालपत्राच्या परिच्छेद १९ मध्ये मात्र या साक्षीदाराने सही नाकारली असे नमूद करून सदर दस्त विचारात घेतलेला नाही.'

निशाणी, परिच्छेद, काय म्हटलं होतं, निकालात काय लिहिलं. असे तीन मुद्दे, पोकळ पंचवीस मुद्द्यांना भारी पडतात. हे काम एकट्या वकिलाचं नाही. दाव्यातली माणसं, भावकी, कोणत्या बांधाला कोण काय म्हणतं, हे तुम्हालाच माहीत असतं. निकालपत्र घरी घेऊन बसा, पेन्सिल घ्या, आणि जिथे 'हे असं नव्हतं' वाटेल तिथे खूण करा. मग त्या खुणेसमोर आपल्याकडे कोणती निशाणी आहे ते शोधा. निशाणी सापडली नाही तर तो मुद्दा कितीही खरा असला तरी अपिलात कच्चा.

मेमोसोबत निकाल आणि हुकूमनाम्याच्या नकला, वकीलपत्र, कोर्ट फी, स्थगितीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र. हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठी जबान्या आणि दस्तांची भाषांतरं लागतात. त्यांचा खर्च आधीच विचारून घ्या. भाषांतर स्वतः एकदा वाचा, किंवा इंग्रजी येणाऱ्या मुलीला-पुतण्याला वाचायला द्या. 'बांध', 'ओढा', 'वहिवाट' असे शब्द शहरातल्या भाषांतरकाराच्या हातून कसे निघतील याचा नेम नसतो.

कोर्ट फी अपिलातही भरावी लागते आणि ती वादातल्या मूल्यावर ठरते. पोटगी, घटस्फोट अशा काही प्रकारांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि तुरुंगात असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो, अपिलासाठीसुद्धा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

स्थगिती आपोआप मिळत नाही

अपील दाखल झालं म्हणजे खालचा निकाल थांबला, हा सर्वात महागात पडणारा गैरसमज. अपील हे अपील, स्टे हा स्टे. वेगळा अर्ज, वेगळा आदेश. स्थगिती दिली नाही तर मोठं नुकसान होईल, अर्ज करायला उशीर केलेला नाही आणि हुकूमनाम्याच्या पूर्ततेसाठी तारण द्यायला तयार आहे, हे दाखवावं लागतं. पैशाचा हुकूमनामा असेल तर कोर्ट बहुधा रक्कम किंवा तिचा काही भाग भरायला सांगतं. त्याची तजवीज अपील करायच्या आधी करा. जमिनीच्या प्रकरणात पुष्कळदा 'जैसे थे'चा आदेश होतो. मग 'जैसे' म्हणजे नक्की कसं, यावर पुन्हा भांडण. पीक कोणाचं उभं आहे याचे फोटो आणि पीकपाहणीची नोंद त्या दिवशी काढून ठेवा.

स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठतो, असं अजूनही गावागावांत सांगितलं जातं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं होतं खरं, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनापीठाने तो नियम मोडीत काढला.

पुढच्या तारखा

अपील दाखल करून घ्यायचं की सुरुवातीलाच फेटाळायचं, हे आधी ठरतं. मग समोरच्याला नोटीस, आर अँड पी मागवणं, आणि अंतिम युक्तिवाद. मधल्या काळात पक्षकाराला वाटतं काहीच चाललेलं नाही, आणि बरेचदा ते खरंही असतं. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकून पुढची तारीख बघता येते. तो नंबर मोबाइलमध्ये जपून ठेवा.

गैरहजर राहू नका. दिवाणी अपील अपीलकर्ता आणि त्याचा वकील न आल्याने फेटाळता येतं. ते परत उघडायला ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. फौजदारी अपिलाचं तसं नाही. शिक्षेविरुद्धचं अपील केवळ गैरहजेरीवर फेटाळता येत नाही, कागद बघून गुणवत्तेवरच निकाल द्यावा लागतो.

नोटीस लागल्यावर समोरचा प्रत्याक्षेप घालू शकतो, एका महिन्यात. म्हणजे खाली तुम्हाला चार मागण्यांपैकी दोन मिळाल्या, तुम्ही उरलेल्या दोनसाठी अपील केलं, तर तो मिळालेल्या दोनांवरही हरकत घेऊ शकतो. अर्धा निकाल बाजूने असेल तर अपील करण्याआधी हा विचार दोनदा करा. मी अशा तीन-चार पक्षकारांना घरी पाठवलं आहे, आणि त्यातल्या एकाने मला अजून माफ केलेलं नाही.

आता खेड्यापाड्यातल्या अपिलांना खरा दणका कुठे बसतो ते सांगतो. माणसं मरतात. अपील रेंगाळतं आणि वाटपाच्या दाव्यात एका बाजूला सात भाऊ-बहिणी, दुसरीकडे नऊ. त्यातलं कोणी वारलं की ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतात. नाही घेतले तर त्या व्यक्तीपुरतं अपील आपोआप संपतं, आणि वाटपात सगळे जण लागत असल्याने कधी कधी सगळंच अपील कोसळतं. त्यानंतर ६० दिवसांत ते पूर्ववत करून घ्यायचा अर्ज, त्यानंतर पुन्हा विलंब माफी. पुण्याला दिलेली आत्या वारली, तिची दोन मुलं बंगळुरात, नातसून अमेरिकेत, आणि गावातल्या माणसाला हे तेराव्याच्या जेवणात कळतं, वकिलाला दोन वर्षांनी. समोरच्या बाजूचं कोणी गेलं तरी वारस आणायची जबाबदारी अपीलकर्त्याचीच. म्हणून माझा रिवाज असा: गावात कोणाची दहाव्याची पत्रिका आली की तिचा फोटो मला पाठवा. विचित्र वाटतं, पण त्या पत्रिकेवर वारसांची नावं आणि नाती दोन्ही आयती छापलेली असतात.

शेवटी कोर्ट निकाल कायम करेल, फिरवेल, त्यात बदल करेल, किंवा प्रकरण परत खाली पाठवेल. परत पाठवणं म्हणजे अर्धा विजय, आणि पुन्हा तीच पायरी.

फौजदारी अपील: आधी माणूस बाहेर

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, अपिलाची वाट जवळपास तीच राहिली. शिक्षेच्या स्थगितीच्या अर्जाला जुने वकील अजून '३८९चा अर्ज' म्हणतात, नव्यात ते कलम ४३० आहे.

आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर शिक्षा देणारं कोर्टच अपील दाखल करण्यापुरता जामीन देऊ शकतं. निकालाच्या दिवशी जामीनदार, त्याचा सातबारा किंवा पगारपत्रक, आधार, फोटो, सगळं तयार ठेवून जा. निकाल सुटकेचा लागला तर कागद पिशवीतच राहतील, बिघडलं काय? शिक्षा जास्त असेल तर माणूस त्याच दिवशी आत जातो, आणि अपिलासोबत शिक्षेच्या स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज वरच्या कोर्टात द्यावा लागतो. तुरुंगात असलेला माणूस तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो.

शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणजे दोषीचा ठपका थांबला असं नाही. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्या आमदार-खासदाराचं पद २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लगेच जातं. म्हणून अशी मंडळी दोषसिद्धीलाच स्थगिती मागायला धावतात. सरकारी नोकरालाही हा फरक जाणवतो. इतरांना जामीन पुरतो.

आणखी एक भीती काढून टाका. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही. वाढवायची तर सरकारने वेगळं अपील करावं लागतं, किंवा हायकोर्टाने तशी नोटीस काढून म्हणणं ऐकावं लागतं.

चेक बाउन्सच्या शिक्षेवर अपील करताना कोर्ट दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम ६० दिवसांत भरायला सांगू शकतं. उधारीवर चालणारे दुकानदार इथे येऊन अडकतात. वीस टक्के नाही म्हणूनच तर चेक परतला होता!

आता उलटी बाजू. आरोपी सुटला आणि तुम्ही पीडित आहात. सरकारी वकिलांवर अवलंबून राहायची गरज नाही. सुटका, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवणं, किंवा अपुरी भरपाई, या तिन्हींविरुद्ध पीडित स्वतः अपील करू शकतो, आणि त्यासाठी कोर्टाची आधी परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. शिक्षा कमी झाली म्हणून मात्र पीडिताला अपील नाही, ते सरकारचं काम. सुटकेविरुद्धचं अपील जड असतं. माणूस आधीच निर्दोष मानलेला, त्यात कोर्टाने त्याला निर्दोष म्हटलेलं. खालच्या न्यायाधीशांचं मत पटण्यासारखं असेल, तर दुसरंही मत शक्य आहे एवढ्यावर सुटका फिरत नाही.

सत्र न्यायालयानेही अपील फेटाळलं, तर दुसरं फौजदारी अपील नसतं. मग हायकोर्टात पुनरीक्षण (रिव्हिजन), ९० दिवसांत, आणि तिथे पुरावा पुन्हा पारखला जाईल ही आशा धरू नका.

दुसरं अपील

जिल्हा न्यायालयात हरल्यावर हायकोर्टात दुसरं दिवाणी अपील ९० दिवसांत करता येतं, पण फक्त 'कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न' असेल तर. साक्षीदार खोटं बोलला, हा कायद्याचा प्रश्न नाही. नोंदणीकृत दस्ताचा अर्थच चुकीचा लावला, किंवा मुदतीचा कायदा डावलला, हा असू शकतो. २५,००० रुपयांपर्यंतच्या पैशाच्या दाव्यात दुसरं अपील मुळातच नाही. बरीचशी दुसरी अपिलं दाखल होतानाच फेटाळली जातात. वकिलाने 'यात प्रश्न कोणता?' याचं उत्तर दोन वाक्यांत दिलं नाही, तर फी देण्याआधी दुसऱ्याला विचारा. मला विचारलंत तरी हीच परीक्षा लावा.

तुम्ही जिंकलेले असाल तर

जिंकलेल्या माणसालाही काम आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वरच्या कोर्टात कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, घाला, म्हणजे तुम्हाला न ऐकता समोरच्याला एकतर्फी स्टे मिळणार नाही. कॅव्हेट ९० दिवस चालतं. समोरच्याने विलंबाने अपील केलं तर तोवर तुमचं कॅव्हेट संपलेलं असतं. ९० वा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्याच्या आठवडाभर आधी नवं घाला.